कार्डावर नसलेलं दुखणं

मला आधीच त्या टॅबातल्या गावाचा राग. गटप्रवर्तकांना ऑनलाइन प्रशिक्षण द्यायचं म्हणून आमाला एकेक टॅब दिला आणि टॅबात एक खोटं गाव घालून दिलं. गावात दहा घरं, सगळ्यांची दारं बंद आणि दाराला घंटी. शहापूर-मुरबाडच्या कुठल्या पाड्यावर दाराला घंटी आहे ते दाखवा मला! त्या गावात आमी अठरा बायका, म्हणजे आमच्या बाहुल्या. सगळ्यांच्या अंगावर तीच गुलाबी साडी आणि डोक्यावर नावाची पाटी. मी संघरत्ना, सापगावची, वीस आशा सेविकांच्या कामावर देखरेख ठेवणारी बाई, पयल्याच दिवशी अर्धा तास एका भिंतीत अडकून पडले. "ताई, बोटाने उजवीकडे ओढा," असं आमचे शिकवणारे दीपेश सर ठाण्याहून सांगत होते. मी ओढत होते आणि माझी बाहुली भिंतीवर डोकं आपटत होती.

त्या गावात माझ्या जवळचं माणूस एकच, जना. मुरबाडच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून तिची वाडी. आमी दोघी एकाच वर्षी आशा झालो, गटप्रवर्तकही बरोबरच झालो. पण गेले तीन महिने ती मीटिंगला आली नव्हती. लेक रुपा बाळंतपणाला आलीये, घर सोडता येत नाय, असं कळवायची. म्हणून पाटीवर तिचं नाव दिसलं की मला बरं वाटायचं, बाहुली तर बाहुली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या जोड्या लावल्या. एकीनं गरोदर बाई व्हायचं, दुसरीनं तिच्या घरी जाऊन विचारपूस करायची. जना झाली गरोदर बाई. तिनं काय बोलायचं ते कार्ड नंबर चारवर लिहिलेलं, ते मलाही दिसत होतं. वय चोवीस, पाचवा महिना, गोळ्या खात नाय. म्हणलं, सोपं आहे. घंटी वाजवली आणि आत गेले.

"कितवा महिना?"

"सातवा," जना म्हणाली.

"पाचवा गो! कार्ड बघ नीट."

"सातवाच लिही."

मला वाटलं, हिनं चष्मा लावलेला नाय. गोळ्या खातेस का म्हणून विचारलं, तर म्हणे रोज खाते. पडद्यावर माझा लाल दिवा लागला. मी चिडले. "जना, माझे मार्क खाऊ नको हां."

"ताई, तू विचार ना. डोकं दुखतं का, असं विचार."

"बरं बाई. डोकं दुखतं का?"

"चार दिवस ठणकतंय. डोळ्यांपुढं काजवे येतात. सकाळी तोंड सुजलेलं असतं. हात येवढे सुजले का बांगड्या वाढवायला लागल्या."

"अगं बया!" माझ्या तोंडून गेलं.

तिची बाहुली मात्र समोर उभी राहून गोड हसत होती. त्या बाहुल्यांना दुसरं तोंडच दिलेलं नाय. मी नियमाप्रमाणे 'तातडीनं दवाखान्यात नेणे' यावर बोट ठेवलं, टाळ्या वाजल्या आणि मला दहापैकी सात पडले. गेलेल्या तिनातला एक तर "अगं बया" म्हणल्याबद्दल कापला होता.

सगळ्या बाहुल्या गेल्या तरी मी सरांना थांबवून विचारलं, "सर, ती खरं बोलत होती का हो?"

"ताई, रोल-प्लेमध्ये खरं-खोटं काय असतं? त्यांची ॲक्टिंग छानच होती. फक्त कार्ड पाळायला हवं होतं."

मला काही सुधरेना. मी सरळ जनाला फोन लावला. ती हसली. "अगो, खोटंच की ते! भारी केलं ना मी?" आणि बाळ रडतंय म्हणून फोन ठेवून दिला. बाळाचा आवाज मला काही आला नाय.

टॅब मांडीवर घेऊन मी तशीच बसून राहिले. खोटंच असेल. जना पयल्यापासून नकला करण्यात हुशार. पण मग बांगड्या? कार्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यात बांगड्या यायच्या नायत, आणि सवाष्ण बाई असलं काही गंमत म्हणून बोलत नाय. बरं, खरं म्हणावं तर जना एक्केचाळीस वर्षांची, नुकतीच आजी झालेली. तिला जाऊन विचारू काय, पोटुशी आहेस का म्हणून? खोटं निघालं तर ती जन्मात माझ्याशी बोलणार नाय. आणि खरं असेल तर? डोकं ठणकणं, काजवे, सूज, ही लक्षणं तर मी आशांकडून घोकून घेते. यात बाईला झटके येतात. बाई जाते आणि पोटातलंही जातं.

 शेवटी म्हणलं, रुसली तर रुसू दे. पिशवीत बीपीचं मशीन टाकलं आणि स्कूटी काढली. किन्हवलीला थांबून एक पिवळं झबलं घेतलं. बाळ बघायला आलेल्या बाईला कोणी 'का आलीस' विचारत नाय.

रुपा पडवीत बाळाला घेऊन बसली होती. "मावशी! आज कुठं वाट चुकलीस?" ती खूश झाली. जना आतून बाहेर आली. साडीवर जैतूचा, म्हणजे नवऱ्याचा, ढगळ शर्ट. आमच्याकडं कामाला जाताना बायका घालतातच तसा, त्यावरून काय समजायचं? तोंड सुजलेलं दिसलं, पण रुपाच म्हणाली, "माझ्या पोरापायी आईला झोप नाय." तेही खरं वाटलं. मी पुन्हा गोंधळले. मग तिच्या मनगटांकडं बघितलं. दोन्ही मोकळी होती.

रुपासमोर विचारू कसं? जना माझ्याकडं बघेना. ती चहा टाकायला वळली तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "चहा राहू दे. आपला सराव राहिलाय. सरांनी परत करायला सांगितलाय."

"आत्ता?"

"आत्ताच. तू कार्ड नंबर चार. बस इथं."

तिनं माझ्याकडं बघितलं.  मग खाली बसली आणि हात पुढं केला. रुपा हसायला लागली. "मावशी, तुमी अजून शाळेतच!"

मी मशीन काढून तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "कितवा महिना?"

"सातवा सरला."

"डोकं?"

"आज जास्तच."

"डोळे?"

"मघाशी चूल दिसेना."

"घरात सांगितलंस?"

"नाय. कोणत्या तोंडानं सांगू? घरात लेक बाळंतीण."

"आई काय खरंखरं बोलते गो!" रुपा म्हणाली.

"कोणाला दिसलं कसं नाय?" मी जनाला विचारलं.

"मला कोण बघतंय, ताई? सगळ्यांची पोटं मीच बघते."

रुपाचं हसणं थांबलं. मशीन वाजलं. एकशे सत्तर आणि एकशे दहा. मी पुन्हा लावलं, दुसऱ्या हाताला लावलं. आकडा तोच.  पट्टा सोडवून मशीन बाजूला ठेवलं.

"जना, खेळ संपला," मी म्हणलं आणि एकशे आठ नंबर लावला. फोन स्पीकरवर होता. वाडीचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला, बीपी सांगितलं. पलीकडच्यानं विचारलं, "पेशंटचं नाव?"

 समोर तिची लेक बसलेली. ते नाव माझ्या तोंडून जावं का, हेच मला कळेना. मी जनाकडं बघितलं.

जनानं माझ्या हातातून फोन घेतला. "जना जैतू आगिवले. वय एक्केचाळीस. सातवा महिना सरलाय."

"आणि तुम्ही पेशंटच्या कोण?"

"मीच हाय पेशंट," ती म्हणाली.

गाडीला अर्धा तास लागेल, तोवर पेशंटला डाव्या कुशीवर निजवा, असं त्यानं सांगितलं. फोन बंद झाला. मी जनाला निजवलं. रुपानं बाळ माझ्याकडं दिलं आणि ती आईच्या पायाशी येऊन बसली. तिनं आईच्या पायावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी तिथं खळगा तसाच राहिला. तिनं दुसरा पाय दाबून बघितला आणि रडायला लागली.

"आई, या पोटानं तू दोन महिने माझी न् बाळाची धुणी धुतलीस?"

"मग कोण धुणार होतं?" जना म्हणाली.