हाकबाबांची शाल

"वळली! वळली हो!"

अख्खा हॉल उभा राहिला. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर डोळे पुसायला शेजाऱ्याचाच रुमाल घेतला.

आमची भिंगरी, माझ्या भावाची लेक, पावणेतीन वर्षांची. दिवसभर डब्यांची झाकणं फिरवत बसते, म्हणून भिंगरी. कुणी घसा फोडून हाका मारल्या तरी मान वर करत नाही. एका हाकेत मुलं बरी करणाऱ्या हाकबाबांनी शाल सावरत एकदाच खर्जात साद घातली, "भिंगरीऽऽ!" आणि पोरगी गर्रकन वळली. वहिनीनं तिथेच बाबांचे पाय धरले.

"आत्म्याच्या दाराला आतून कडी होती," बाबा माईकवर गरजले. "ती मी काढली! आता दर आठवड्याला बैठक. मात्र डॉक्टरची पायरी चढलात, तर कडी पुन्हा लागेल. मग मला बोल लावायचा नाही!"

कडी भलतीच भित्री होती. दवाखान्याच्या पायरीला घाबरणारी.

"वहिनी, ती वळली खरी, पण बघत होती बाबांच्या काखेकडे," मी घरी येताना म्हटलं.

"वन्सं, तुम्हाला देवातही खोट दिसेल."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी मोठ्या मिनतवारीनं बालविकास तज्ज्ञांची वेळ मिळवून दिली होती. ती रद्द करायला, पायरी शेवटचीच चढायची म्हणत, वहिनी भिंगरीला घेऊन बाईंच्या दवाखान्यात निघाली. भांडायला माणूस हवं, म्हणून मीही गेले.

"आता गरज नाही. हाकबाबांच्या हाकेला वळते ती," वहिनीनं डॉक्टरीणबाईंना ठणकावलं.

बाईंनी वाद घातला नाही. भिंगरी कोपऱ्यात स्टुलाची बैठक गरागरा फिरवत होती. "भिंगरी!" काही नाही. "भिंगरी बाळा!" काही नाही. मग बाईंनी टेबलाखाली हात नेला. चुर्र.

भिंगरी ताडकन वळली. टेबलाला वळसा घालून आली, बाईंचं मनगट धरून बिस्किटाच्या पुड्यावर नेऊन ठेवलं. बाईंच्या तोंडाकडे मात्र पाहिलं नाही.

"घरीही असाच हात ओढते? बोट दाखवून मागत नाही?"

"बोट कधीच नाही."

"आणि बाबांनी तुम्हाला आधी काही विचारलं होतं?"

"लेकीला कशाची ओढ आहे, ते. आशीर्वादात घालायला म्हणे. मी सांगितलं, बिस्किटाचा पुडा वाजला की..." वहिनी टेबलाखालच्या पुड्याकडे बघायला वाकली.

"तिला ऐकू येतंय असं दिसतं, तरी कान तपासू. ही लक्षणं स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, असू शकतात. पक्कं निदान तज्ज्ञ करतील. ती वेळ सोडू नका."

"माझं काही चुकलं का हो?"

"काही नाही. तुमचंही नाही आणि गेल्या जन्माचंही नाही. पोर जन्मतःच वेगळ्या तऱ्हेची आहे. ती तऱ्हा आपण लवकर ओळखायची, म्हणजे शिकवणं सोपं जातं."

पुढच्या बैठकीला वहिनी गेलीच. मला वाटलं, रडेल. ती सरळ माईकपाशी गेली.

"बाबा, आज शालीतून हात बाहेर काढून हाक मारा."

"शाल ही गुरूंची आज्ञा आहे!"

"गुरूंना उकडत नव्हतं वाटतं!" मागून तेच रुमालवाले गृहस्थ.

हशा पिकला. बाबांना हात वर करावे लागले. "भिंगरीऽऽ!" भिंगरीचं झाकण फिरतच राहिलं. तिसऱ्या हाकेला बाबांचा खर्ज चिरकला. मग वहिनीनं पर्समध्ये हात घातला. चुर्र. भिंगरी धावत आली.

"आमच्या पोराला किल्ल्यांची ओढ आहे, हे आमच्याकडूनच काढून घेतलं होतं!" एक बाप ओरडला आणि त्यानं शाल ओढली. पुडा, किल्ल्यांचा जुडगा, खुळखुळा... बाबांचा अख्खा संसार स्टेजवर सांडला.

तज्ज्ञांनी स्वमग्नतेचंच निदान केलं. वहिनी एक रात्र रडली. आता ती रोज भिंगरीसमोर जमिनीवर बसते, आपलंही एक झाकण फिरवते आणि थांबते. काल भिंगरीनं स्वतःचं झाकण तिच्याकडे सरकवलं. हाकेला अजून वळत नाही.

तुमचं लेकरू हाकेला वळत नसेल, बोट दाखवत नसेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणत बसू नका. दवाखाना गाठा, विचारा, तपासून घ्या. आणि कुणी एका हाकेत बरं करतो म्हणाला, तर आधी त्याला शाल काढायला सांगा.