बशीतले इवलेसे आतडे

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. आज माझा जीव थाऱ्यावर नाही. सांगताना धागा तुटला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मुलीच्या आतड्यात झाला. आतड्याच्या अस्तरात सुईच्या टोकाहून बारीक खळगे असतात. तशाच एका खळग्याच्या तळाशी मी राहत असे. शेजारीण पेशी सतत निरोप द्यायची, ‘वाढ. वाढत राहा.’ मग मी दोन व्हायचे. एक मी तिथेच उरायचे, दुसरी माझी लेक वर सरकायची. वर निरोप वेगळा असे. ‘पुरे वाढणे. कामाला लाग.’ लेकी अन्न शोषायच्या, थकायच्या, चार-पाच दिवसांत गळून पडायच्या. मागून नव्या येतच. निरोप थांबला तर अस्तर उघडे पडते. आवरला नाही तर गाठ होते.

मुलगी आजारी पडली. अस्तर सोलवटले. डॉक्टरांनी त्याचा एक कण चिमटून काढला, त्यात मी होते. तिला कोणते औषध लागू पडेल, ते आधी माझ्यावर पाहायचे होते. ती इतकी अशक्त होती, की दुसरा कण काढणे शक्य नव्हते.

प्रयोगशाळेतल्या ताईने मला बशीत ठेवले. शेजारणीचे निरोप ती द्रवात मिसळून द्यायची. आम्ही वाढलो. पोकळ गोळा झालो. गोळ्याला कोंब फुटले.

“बाई, बघा तरी! इवलंसं आतडं!”

“हरखू नकोस,” तिच्या मोठ्या बाई म्हणाल्या. “आधी जगू दे.”

आणि मग

वाढ. वाढत रा

वा

लेकी सगळ्याच कामाला लागल्या. तळाशी कोणी उरेना. कोंब काळवंडले.

“द्रव कुठला दिलास?”

“तोच. उरला होता, म्हणून परत गोठवून ठेवला होता.”

“अगं, उरलेली भाजी आहे का ती, पुन्हा फ्रीजमध्ये ढकलायला? वितळवून पुन्हा गोठवला की त्याचा जोर जातो!”

“घरची सवय हो. आई कणभरही टाकू द्यायची नाही.”

“आईचं बरोबरच होतं. पण ती पेशी वाढवत नव्हती!”

तेवढ्यात फोन वाजला. मुलीची आई होती.

“कळलं का हो औषध? आज पाणीसुद्धा ठरलं नाही तिच्या पोटात.”

ताईने बाईंकडे पाहिले. बाईंनी नुसत्या मानेने खुणावले. सांग.

“नाही कळलं. चूक माझ्या हातून झाली. थोड्याच पेशी उरल्यात.”

आई म्हणाली, “उरल्यात ना? मग त्यांना जपा.”

ताईने नवा, ताजा द्रव घातला.

मित्रांनो, तुमच्या पोटातही माझ्या बहिणी आहेत. पोट दुखले, तर लपवू नका. वेळेवर सांगा. आम्ही सगळ्या सांगण्यावरच जगतो.

आता मला मधोमध आवळल्यासारखे होते आहे. दोन होईन की नाही, ठाऊक नाही. निरोप फार बारीक येतो आहे. जरा गप्प राहा. मला ऐकू द्या.