मॉरीनची तीन मिनिटं

अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या आमच्या गावाची सभा दर मार्चमध्ये भरते आणि बावीस वर्षं ती मीच चालवतो. सुरुवातीला घटनेतली पहिली दुरुस्ती मोठ्यानं वाचतो: सरकारनं कुणाचं तोंड दाबायचं नाही. मग प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं.

यंदा ठराव होता, अंगणात राजकीय पाट्या लावायला बंदी. माझ्या दारासमोरच मॉरीन पेल्कीची पाटी. रोज सकाळी ती वाचून माझं डोकं फिरायचं.

मॉरीन उठली. "हा देश उभा करणाऱ्यांनी बोलायला राजाची परवानगी मागितली होती का?" लोक माना डोलवायला लागले.

मी घंटा वाजवली. "वेळ संपली!"

सांगायला लाज वाटते, पण माझ्या घड्याळात दीडच मिनिट झालं होतं. बावीस वर्षं मी खरी वेळ सांगितली होती, त्यामुळे कुणी संशय घेतला नाही. ठराव चार मतांच्या फरकानं मंजूर झाला.

सभेनंतर गावजेवणात मॉरीननं स्वतः केलेला ॲपल पाय माझ्या ताटलीत वाढला.

"रागावू नकोस रे ऑरिन, माझं नेहमीच लांबतं. किती मिनिटं झाली होती?"

मी एक घास घेतला.

"पावणेचार," मी म्हणालो.