आईंना बसवून आवळलेला बार

माझ्या सासऱ्यांची दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार माझ्याहून वयाने मोठी, आणि घरात तिचा मानही माझ्याहून मोठा. पण तळ्याकाठच्या वळणावर ती अशी कलायची, की शेजारी बसलेल्या सासूबाई किंकाळी फोडायच्या. मागच्या वेळी त्या तिथेच उतरून चालत घरी आल्या आणि फर्मान सुटलं, "या घरात आता ही गाडी तरी राहील, नाहीतर मी तरी!" गाडीला गिऱ्हाईक मिळालं, ते उद्या सकाळी येणार होतं. बाबा जेवायला बसायचे, पण घास काही उतरायचा नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करते. माणसांना धक्का न लागता वर-खाली नेणं हा माझा धंदा, आणि माझ्या नाकावर टिच्चून ती गाडी हलते म्हणून विकली जाणार? मी हट्टाने जाड स्वे बार मागवून ठेवले होते. बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी वाकवलेली पोलादी दांडी. वळणावर एक बाजू दबू लागली की ती आवरून धरते.

"आई, एकदाच बसा," मी म्हटलं. "वळणावर ओरडलात, तर उद्या मीच किल्ली देते त्यांना."

"आणि नाही ओरडले तर?"

"गाडी राहणार."

"बघू," आई म्हणाल्या. त्यांचं 'बघू' म्हणजे नाहीच असतं.

लगेच गाडी जॅकवर चढवून मी पुढचा आणि मागचा असे दोन्ही बार बसवले, नट कचकचून आवळले आणि गल्लीत चक्कर मारली. गाडी कुरकुरली, एक खांदा वर करून चालली, प्रत्येक खड्ड्याला उसळली. "रबरी बुशच भिकार दिलेत मेल्यांनी!" मी करवादले.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" गॅलरीतून आई.

झोंबलं, कारण खरं होतं. चाकं लोंबकळत असताना मी बार धरून ठेवणारे ते बुश आवळले होते. गाडी खाली टेकल्यावर ते पिळवटणार नाहीत तर काय! नट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, आणि जे बसणार त्यांचं वजन आत असताना. लिफ्टमध्ये रोज वजनाचाच हिशेब करणारी मी, उतावळेपणात माती खाल्ली.

चाकं उतरत्या फळ्यांवर चढवली, सगळे नट सैल केले. बाबा स्टिअरिंगमागे बसले. दुसरी सीट रिकामीच.

"आई, बसा ना जरा. तुमच्या वजनाशिवाय जमायचं नाही."

"हो, हो, अख्ख्या गल्लीला सांग माझं वजन!" असं म्हणत त्या बसल्या मात्र. आपल्यावाचून अडतंय हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

मी गाडीखाली, पाना हातात. वरून आवाज आला, "अहो, हे बटण कशाचं?"

"वायपरचं."

"इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीत."

"तू डोळे मिटून बसायचीस ना."

आई खुदकन हसल्या. मग दुसऱ्या बटणाची चौकशी झाली, मग तिसऱ्या. मी मुद्दाम सावकाश आवळत राहिले. खरं सांगते, त्या तेलकट फरशीवर पडल्या पडल्या मला फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी मी स्कूटरने पुढे जाऊन वळणावर उभी राहिले. लाल गाडी आली, टप उघडा. बाबांचा वेग नेहमीचाच. गाडी वळणात शिरली आणि पाटावर बसल्यासारखी सपाट वळली. मी टाळी वाजवायला हात उचलले, आणि तेवढ्यात आईंची किंकाळी आली.

माझे हात तिथेच थांबले. बाबांचा चेहरा पडला, गाडी मंदावली. संपलं सगळं. मी धावत जवळ गेले. आईंचे केस विस्कटले होते, डोळे टक्क उघडे होते आणि एक हात बाबांच्या खांद्यावर होता.

"अहो, पाय का काढलात?" त्या ओरडत होत्या. "दाबा की! आत्ता कुठे मजा यायला लागली होती!"