अठरा फेरे

ढोलावर पंधरावी थाप पडली आणि रखमाबाईच्या हातातलं मुसळ वरच्या वर थांबलं.

ओसरीतल्या बाजेवर सहदेव कुशीवर पडला होता. सुजलेले पाय त्याला हलवता येत नव्हते, पण बोटं अजून चालत होती. शेणाने सारवलेल्या भिंतीवर त्याने नखाने पंधरावी रेघ ओढली आणि बोट तिथेच टेकवून ठेवलं.

मैदान दोन शेतं पलीकडे होतं. पाड्यातल्या गणूने तिथे टोला मारला होता आणि आता मोजणी चालली होती. विटी जिथे पडली तिथून गल्लीपर्यंत, म्हणजे जिथून ती उडवली त्या खळग्यापर्यंत, पंच दांडूने माप घेत येत. वकट, लेंड, मूंड असं म्हणत सात मापं झाली की एक फेरा, आणि दर फेऱ्याला ढोलावर एक थाप. बायकांनी मैदानाकडे फिरकायचं नाही असा ठाकुर्लीकडच्या त्या पाड्याचा जुना रिवाज होता. त्यामुळे बायकांना खेळ कळायचा तो घरबसल्या, ढोलावरून.

सोळावी थाप पडली. मग बऱ्याच वेळाने सतरावी.

रखमाबाईने मुसळ खाली ठेवलं. उखळाच्या काठावर चिमणी येऊन तांदूळ टिपायला लागली तरी तिने हाकलली नाही. मैदानावरून गलका आला, पण तो विजयाचा नव्हता. ढोल पुन्हा वाजला नाही.

"किती झाल्या गो?" सहदेवने विचारलं.

"सतरा."

"मना वाटलं मीच चुकलो." त्याने बोट भिंतीवरून काढलं आणि डोळे मिटले. "पानी दे जरा."

तिने तांब्या त्याच्या तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून ओघळलं ते पदराने टिपलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं तिला वाटलं होतं. दिसला नाही.

बावीस वर्षांपूर्वी, अशाच शिमग्याच्या दिवशी, सहदेवने अठरा फेऱ्यांचा टोला मारला होता. तो आकडा देवळाच्या भिंतीवर गेरूने काढलेला होता आणि दर दिवाळीला त्यावर पुन्हा हात फिरवला जाई. ज्याचा टोला आजवर सगळ्यात लांब, त्याच्या हातचा पहिला नारळ होळीत पडायचा. बावीस होळ्या झाल्या, त्या मानाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

आणि सहदेव काही गुपचूप मान घेणारा गडी नव्हता. खेळायला निघाला की डोक्याला लालभडक फडकं, कानावर कण्हेरीचं फूल, आणि चाल अशी की जणू नवरदेव वरातीला निघालाय. टोला मारायच्या आधी समोरच्या गड्यांना विचारायचा, "जेवलात का रे? मंग मागं सरा, लय धावावं लागंल." मग एकेकाला जागा नेमून द्यायचा. तू कल्याणला उभा राहा, तू दिव्याला, आणि तू रे लंबू, तू ठाण्याच्या खाडीवर. एकदा त्याची विटी धावत्या मालगाडीच्या उघड्या डब्यात जाऊन पडली. गाडी निघून गेली. हा पंचांसमोर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा. म्हणे, मोजा आता ठाण्यापर्यंत, मी बसतो हितं. पंच हसून हसून बेजार झाले, पण फेरे काही दिले नाहीत. कल्याणच्या नऊ आळ्यांना त्याने एका दिवसात हरवलं आणि जेवणाच्या पंगतीत हरलेल्यांना आधी बसवून स्वतः वाढायला उभा राहिला. असल्या माणसावर कोण रागावणार? लोक त्याच्यावर जीव टाकत.

रखमाबाईही टाकत होती. म्हणून तर ती बावीस वर्षं आतल्या आत जळत होती.

त्या दिवशी पहाटे सासू ओरडत होती की चूल पेटेना तर सून कशाला आणली. लाकडं दवाने ओली झालेली. रखमा तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. घाईने तिने कोपऱ्यात हाताला लागलं ते लाकूड चुलीत खुपसून निखारे वर काढले आणि फुंकणी घेऊन बसली. धुराने डोळे भरले होते. डोळे पुसून बघते तर चुलीत नवऱ्याचा दांडू. खैराचा, तेल पाजलेला, शेंड्याशी जळून काळा झालेला. तिने तो पाण्यात बुडवला, परसात नेऊन कोयत्याने जळका भाग उडवला, दगडावर घासला, वर माती चोळली. बोटांनी मोजलं. चार बोटं गेली होती. दीड हाताचा दांडू, म्हणजे छत्तीस बोटं. उरली बत्तीस.

सहदेव उठला, दांडू खांद्यावर टाकला आणि निघून गेला. त्याने बघितलंसुद्धा नाही.

तेव्हा ज्याचा टोला त्याच्याच दांडूने मोजायची पद्धत होती. संध्याकाळी लोक त्याला खांद्यावर घेऊन आले. अठरा फेरे! रखमाने ओवाळलं, आणि रात्रभर तिला झोप लागली नाही. पुढे कधीतरी परसात बसून तिने काटक्या मांडून बघितल्या. नऊ आखूड दांडू म्हणजे आठ पुरे. अठरा फेरे म्हणजे सोळा. कितीदा मांडल्या तरी सोळाच.

दुसऱ्या वर्षी पंचांनी मोजायला गावाचा एकच दांडू केला, पुरा दीड हाताचा. सहदेवचा दांडू तर त्याने त्याच होळीत टाकून दिला होता. आता ह्याला काय काम उरलं नाय, असं म्हणाला म्हणे. जुनं मैदान आगगाडीच्या नव्या रुळांखाली गेलं. राहिला तो फक्त भिंतीवरचा आकडा, आणि तो खोटा होता हे जगात एकट्या रखमालाच ठाऊक होतं.

बावीस वर्षं कुणी सोळाच्या पुढे गेलं नाही, तोवर तिने स्वतःची समजूत घातली. कुणाचं काही घेतलेलं नाही, असं ती मनाला सांगायची. आज गणू सतरावर गेला.

दुपारी तो घरी आला. मिठागरावर राबून काळाठिक्कर पडलेला पंचवीस वर्षांचा गडी, पण ओसरीची पायरी चढताना त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. त्याने बाजेपाशी बसून सहदेवच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

"एक फेरा कमी पडला, काका."

"पडंल. पुढच्या शिमग्याला मारशील."

"पुढचा शिमगा कुठला? परवा घाटात जातंय मी. रेल्वेच्या कामावर. आता हितं परत येनं नाय व्हायाचं." तो जरा थांबला. "बाबा मरताना बोललेला, तुज्या हातचा नारळ होळीत पडलेला बघायचा व्हता. म्हणून मरनाचा जोर लावला. पण तुमची सर मना कुठली?"

 सहदेवने गणूच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. गणू गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. एरवी कुणी नमस्काराला आलं की तास-तासभर त्याचं तोंड बंद व्हायचं नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा त्याने हाक मारली.

"यंदा मना काय उठवत नाय. नारळ तू घेऊन जा."

"मी?"

"माझ्या नावानं तूच वाहा. दुसऱ्या कुनाला देऊ?"

रखमाबाईने नारळाला हळदकुंकू लावलं.  नवऱ्याची ही शेवटची होळी, हे वैद्याने सांगायची गरज नव्हती. मरणाच्या दारातल्या माणसाचं नाव त्याच्या बायकोनेच मातीत घालायचं? आणि घातलं नाही तर गणूने घाटात जन्मभर सांगत बसायचं की मी एका फेऱ्याने हरलो? ती उंबऱ्यात दोनदा थबकली. दोनदा तिला मागे वळून सगळं सांगून टाकावंसं वाटलं. मग ती तशीच निघाली.

देवळापुढे सावरीचा उंच सोट उभा केला होता, भोवती गवताच्या पेंढ्या रचलेल्या. सूर्य खाडीपलीकडे टेकला होता. बायका गाणी म्हणत फेर धरत होत्या. म्हातारा धाकू, जो तेव्हाही पंच होता आणि आताही, त्याने हात वर केला तशी गाणी थांबली.

"अठरा फेऱ्यांचा नारळ!" त्याने आरोळी दिली. लोकांनी वाट करून दिली.

रखमाबाई पुढे झाली. होळीपाशी न जाता ती सरळ गणूसमोर जाऊन उभी राहिली आणि नारळ त्याच्या हातात दिला.

"हा तुझा."

"काकी, असं कसं?"

"तुझाच." ती धाकूकडे वळली. इतक्या पुरुषमाणसांत ती जन्मात कधी बोलली नव्हती. तरी शब्द स्पष्ट आले. "आमच्या घरातल्यांचा टोला अठराचा नाय. त्या दिवशी दांडू चार बोटं आखूड व्हता."

 तिने मान खाली घातली आणि पुढे काय होतंय त्याची वाट बघत राहिली.

आणि मग धाकू खो खो हसायला लागला. त्याच्या मागे सगळे हसले. दगडू हसला, विश्राम हसला, म्हातारे हसले, त्यांची पोरं हसली.

"वैनी, आता तू बी?" डोळे पुसत धाकू म्हणाला. "आगो, बावीस वर्सं हेच ऐकतोय आमी मैदानात! दर शिमग्याला उभा राहून बोलतो, दांडू चार बोटं आखूड व्हता रे..."

"नायतर विटी ठान्यालाच गेली असती!" सगळ्यांनी एका सुरात वाक्य पुरं केलं आणि पुन्हा हशा उसळला.

"बघा, बघा," कुणीतरी म्हणालं, "पडल्या जागेवरून बी मस्करी सोडली नाय. बायकोला पढवून धाडली. आनि मान पोराला देऊन टाकला. केवढं मन म्हनायचं!"

ढोल घुमायला लागला. लोक सहदेवच्या नावाने ओरडायला लागले. गणूने रडत रडत तिच्या पायांवर डोकं ठेवलं, नारळ होळीत टाकला, आणि टाकतानाही त्याच्या तोंडी सहदेवचंच नाव होतं.

चार बोटं. रखमाबाई गर्दीतून बाहेर पडली. ते चार बोटांचं माप तिने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

ती घरी आली तेव्हा ओसरीत अंधार साचायला लागला होता. सहदेव जागाच होता. गलका त्याला इथवर ऐकू आला असणार. ती दिवा न लावताच बाजेच्या पायथ्याशी बसली.

"गनूनं वायला?" त्याने विचारलं.

"हं."

"बरं केलंस."

 मग तीच म्हणाली, "तुमाला ठाऊक व्हतं."

"मुठीत धरला तवाच कळलं. हाताला वजन कळतंय ना."

"मंग मना कधी बोलला का नाय?"

"आय व्हती तवा. घरातून काढलं असतं तुला." त्याला धाप लागली. थोडा वेळ तो नुसता श्वास घेत राहिला. "आनि मंग आय गेली, तवर लय वर्सं झाली व्हती."

ती त्याच्या पायांवरून हात फिरवत राहिली. बोट दाबलं की मांसात खड्डा पडत होता आणि लवकर भरून येत नव्हता.

"पंचांना तरी नीट सांगायचं," ती म्हणाली. "हसन्यावारी कशाला नेलंत?"

"नीटच सांगितलं व्हतं गो. त्याच दिवशी, मैदानात, धाकूचे पाय धरून. रडत व्हतो मी." सहदेवने भिंतीकडे तोंड फिरवलं. "तवा बी सगळे हसले. मंग पुढच्या वर्सापासून मी बी हसूनच सांगायला लागलो."