हळदीच्या परातीतला लाल रुमाल

पापनाशमच्या, अंगात देवी येणाऱ्या अम्मापुढं त्या शुक्रवारी शे-दीडशे बायका बसल्या होत्या. मध्ये हळदीच्या पाण्यानं भरलेली परात. जिचा रुमाल त्यात लाल होईल, ती नवऱ्याशी बेइमान! चौघींचे रुमाल पिवळे निघाले. माझा लालभडक.

"अय्यो!" अम्मा डोलायला लागली. "खाली खाज सुटते, आग होते, दह्यासारखं पांढरं जातं. होय की नाही गं? परक्या पुरुषाचा संग हा!"

लक्षणं सगळी खरी होती. गर्दीनं हात जोडले. माझ्या सासूबाई शेषम्मांनी मला माहेरी धाडायचं तिथंच ठरवलं. आणि मी, तंजावूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी लावण्या, शरमेनं नुसती रडले.

दुसऱ्या दिवशी एकटीच डॉक्टर विनुतांकडे गेले. त्यांनी तपासून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

"बुरशी आहे ही. दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलंत ना? चांगले जंतू मेले, बुरशी माजली. ही कुमारिकेलाही होते. औषधानं आठवड्यात जाईल. आतून साबण लावू नका. वारंवार झालं तर साखर तपासू. घाण वास, ताप, ओटीपोटात दुखणं असेल तर आजार निराळा, लगेच या."

साबण! दरवर्षी आठवीच्या मुलांना मी हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल करून दाखवते. अम्माचा मला निरोप होता, 'रुमालाला साबण लाव, न खळबळता वाळव.' बाकीच्यांनी नुसत्या पाण्यात धुतले होते. तो निरोप आणला होता माझ्या नवऱ्यानं, सुरेंद्रनं. दुखणंही मी फक्त त्यालाच सांगितलं होतं.

संध्याकाळी घरी परतले, तर तो दारातच भेटला.

"अम्माला तुम्ही सांगितलंत?"

"तिनं विचारलं. वाटलं, खरं काय ते कळेल."

"मला विचारायचं होतं!" माझा आवाज फाटला. परातीपुढं आले नव्हते इतके कढ आता आले.

तेवढ्यात सासूबाई आरतीचं, म्हणजे दृष्ट उतरवायचं लाल पाणी तबकात घेऊन आल्या. "सामान घ्यायला आत यायचं तर आधी दृष्ट काढते."

"हे पाणी लाल कशानं झालं?"

"हळदीत चुना घातला की होतं. तुला ठाऊक नाही?"

"माझा रुमाल साबणानं झाला. तुमच्या तबकानं कुणाशी बेइमानी केली?"

त्यांनी तबक खाली ठेवलं नि दारातून वाट दिली. सुरेंद्रनं मान खाली घातली.

बायांनो, आरतीचं पाणी आपण घरोघरी कालवतो, तरी परातीला भुलतो. खाज सुटली तर डॉक्टरकडे जा, लाजू नका. माझी आठवड्यात गेली. सुरेंद्र रोज माफी मागतो. त्याला मी अजून माझं कुठलंच दुखणं सांगत नाही.