समकक्ष नाही

त्या सरांचं नाव आम्ही ‘उदाहरणार्थ’ ठेवलं होतं, कारण दर दुसऱ्या वाक्यात तो शब्द यायचाच. गावाबाहेरच्या एका छोट्या, संध्याकाळी भरणाऱ्या कॉलेजात ते आम्हाला संख्याशास्त्र शिकवायचे. खाली टायरचं गोदाम आणि वर आमचे वर्ग. आमच्या पदवीला रबराचा वास येणार, असं आम्हीच म्हणायचो. दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे आणि संध्याकाळी तिथं जाऊन बसायचे. सर शिकवायला वाईट नव्हते, विनोद मात्र भयंकर करायचे. संख्याशास्त्रात मला सगळ्यांत वरचा ग्रेड मिळाला.

तिथं पहिल्या दोन वर्षांचंच शिक्षण होतं. पुढचं विद्यापीठात करायचं म्हणून मी बदलीचा अर्ज केला आणि प्रवेश मिळाला. कागदपत्रं घेऊन गेले, तर प्रवेश विभागातल्या बाई हसून म्हणाल्या, “अभिनंदन. तुमचे सगळे क्रेडिट आम्ही स्वीकारलेत.”

मी हुरळले. बाई पुढे म्हणाल्या, “फक्त संख्याशास्त्र पुन्हा करावं लागेल.”

“पण स्वीकारलंत ना?”

“स्वीकारलंय, पण ऐच्छिक विषय म्हणून. पदवीला जे सक्तीचं संख्याशास्त्र लागतं, त्याला ते समकक्ष धरलेलं नाही.”

“मग त्या क्रेडिटचं मी करू काय?”

“असू द्या की. तुमच्या नावावर दिसतील.”

“आणि माझा जीपीए? सगळ्या ग्रेडची सरासरी?”

“बाहेरचे ग्रेड आम्ही जीपीएत धरत नाही. ते प्रवेश देताना बघतो. आत आल्यावर पाटी कोरी.”

म्हणजे दारात उभी होते तोवर माझे ग्रेड खरे होते आणि उंबरा ओलांडल्याबरोबर ते हवेत विरले. बाईंना यात काही वावगं वाटत नव्हतं. त्या पुढच्या मुलाचं अभिनंदन करायला लागल्यासुद्धा.

माझ्या सासूबाई इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांना हे सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “म्हणजे लग्न मान्य आहे, पण नांदायचं पाहुणी म्हणून.” नवरा हसला. मला हसू आलं नाही.

संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला मी मागच्या बाकावर बसले होते. दार उघडलं आणि आत आले उदाहरणार्थ सर.

तिकडे कोपराला विरलेला स्वेटर असायचा, इथं कोट होता. बाकी सगळं तेच. पडद्यावर पानं तीच, पहिला विनोदही तोच. सरासरी गुडघाभर पाणी असलेल्या नदीत बुडालेल्या माणसाचा. वर्ग हसला. सरांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि नको तिथं नको तो नातेवाईक भेटावा तशी झटकन दुसरीकडे वळली.

तास संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. “सर, ओळखलंत?”

“हो, हो. तू ती... टायरवाल्या कॉलेजातली.”

“सर, हा तोच विषय आहे. तुम्ही विभागाला तसं सांगाल का?”

“विभागानं मत माझंच घेतलं होतं.”

“मग?”

“समकक्ष नाही, असं मी कळवलं.” चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही.

“अहो सर, शिकवलं तर तुम्हीच!”

“शिकवणारा तोच असला म्हणून दर्जा तोच असतो असं नाही. उदाहरणार्थ...”

उदाहरण आलं नाही. मग त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघ बेटा, इथं माझ्या कायम नेमणुकीचं चाललंय. मी तिकडे शिकवतो तेच इथं शिकवतो, असं मीच म्हटलं तर मला घेईल कोण? तू समजून घे.”

तिकडे इतके दिवस मी ‘ए, शेवटचा बाक’ होते. बेटा आज झाले. नुसता राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्या कोटातल्या माणसाकडे बघून मला शिसारी आली. आपणच शिकवलेलं आपणच हलकं ठरवतो, तेही खुर्चीसाठी, आणि वर समजून घे म्हणतो.

मी रीतसर दाद मागितली. समितीत तीन प्राध्यापक होते आणि तज्ज्ञ म्हणून शेजारी, अर्थातच, आमचे सर.

मी सरळ विचारलं, “सर, इथं कोणता भाग जास्तीचा आहे?”

“प्रश्न भागांचा नाही, खोलीचा आहे.”

“खोली महत्त्वाची,” अध्यक्षांनी मान डोलावली.

“तिकडच्या आलेखात एक चूक होती. ती इथंही तशीच आहे. तेवढी तरी समकक्ष धरा.”

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “तज्ज्ञांच्या मतापलीकडे आम्हाला जाता येत नाही.” शिकलेली चार माणसं, पण दोन्हीकडची पानं शेजारी शेजारी ठेवून बघायचे कष्ट एकानंही घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसायला लागले. खोड्या काढल्या नाहीत, उलट उत्तरं दिली नाहीत. वही मिटून फक्त त्यांच्याकडे बघत राहायचे. सर विनोद सुरू करायचे, नजर माझ्यावर पडायची आणि विनोद घशातच राहायचा. मग ते नवी उदाहरणं तयार करून आणायला लागले. एकदा चपलांच्या कारखान्याचं गणित फळ्यावर मांडलं आणि मध्येच अडकले. पुसलं, पुन्हा मांडलं, पुन्हा अडकले. वर्गात कुजबुज झाली. मी तशीच बघत राहिले.

त्या दिवशी त्यांनीच मला थांबवलं. “तू पुन्हा अर्ज दे. समकक्ष आहे म्हणून मी कळवतो. तुला तासाला यायला नको.”

तोवर मी विद्यापीठाचे नियम नीट समजून घेतले होते. “नको सर. समकक्ष धरलंत तर नुसते क्रेडिट मिळतील. इथं बसून मिळवलेला ग्रेड मात्र जीपीएत धरतात. नियम तुमचाच आहे.”

“म्हणजे तू येतच राहणार?”

“शेवटच्या तासापर्यंत.”

परीक्षेत मी वर्गात पहिली आले. माझ्या कोऱ्या पाटीवरचा पहिला आकडा तोच, आणि भरभक्कम. त्याच सुमारास सर कायम झाले. दोन्ही बातम्या फलकावर शेजारी शेजारी लागल्या होत्या.

पुढच्या वर्षी बदली घेऊन येऊ पाहणाऱ्या नव्या मुलांशी बोलायला प्रवेश विभागानं मला बोलावलं. व्यासपीठावर त्या समितीचे अध्यक्ष होते, सरही होते. सर उठून म्हणाले, “ही मुलगी कुठल्या कॉलेजातून आली होती बघा! आणि इथल्या दर्जानं तिला कुठं नेऊन ठेवलं!”

सगळं तिथंच सांगून टाकता आलं असतं. पण त्या माणसावर शब्द खर्च करायचीही माझी इच्छा उरली नव्हती. मी मुलांकडे वळले.

“सगळे क्रेडिट स्वीकारले, असं सांगतील. तेव्हा लगेच विचारा, कशात स्वीकारले? सक्तीच्या विषयात की ऐच्छिक म्हणून? समकक्ष नाही म्हणाले, तर कुणी ठरवलं ते विचारा. आणि हे सगळं प्रवेश घ्यायच्या आधी विचारा. नंतर इथं कुणाला ऐकू येत नाही.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आपण वाजवाव्यात की नाही हे कळेना, म्हणून सरांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी वाजवल्या. मग त्यांनीही वाजवल्या.